कळंगूट : रापणीच्या वाळूपासून पर्यटनाच्या किनाऱ्यापर्यंत

गोव्याचे नाव परप्रांतात घेतले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्रकिनारा उभा राहतो, आणि त्या किनाऱ्याला एखादे नाव द्यावयाचे झाल्यास ते पुष्कळदा कळंगूटचे असते. बारदेश तालुक्यातील हे गाव आज हॉटेले, दुकाने आणि वाहनांच्या रांगा यांमुळे ओळखले जाते. परंतु गावाचा इतिहास पहिल्या हॉटेलापासून सुरू होत नाही. त्यापूर्वी कित्येक शतके या वाळूवर माणसे राबत होती, तिच्यावरच आपली उपजीविका करीत होती. मासेमारीचा गाव विश्रांतीचे ठिकाण कसा बनला, या बदलात कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, याचा क्रमवार विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. किनारपट्टीवरील पंचायती, शाळा आणि शासकीय कचेऱ्या यांच्या रोजच्या कामाशी या विषयाचा निकटचा संबंध आहे.

भूमी आणि वस्ती

मांडवी नदी समुद्राला मिळते तेथे उत्तरेच्या टेकडीवर आग्वादचा किल्ला उभा आहे. पोर्तुगिजांनी तो १६१२ साली पूर्ण केला. या किल्ल्याच्या पायथ्यापासून सिकेरी, कांदोळी, कळंगूट आणि बागा अशी वाळूची एकसंध पट्टी उत्तरेकडे जाते आणि बाग्याच्या खाडीपाशी थांबते. खाडीपलीकडे हणजुण्याची टेकडी लागते. पट्टीच्या मागे वाळूचे उंचवटे, त्यांच्या मागे माडांची भाटे, त्यांच्याही मागे भातशेती अशी येथील भूमीची जुनी रचना होती.

या रचनेला अर्थ होता. वाळूच्या उंचवट्यांवर मर्यादवेल पसरलेली असे. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवल्यामुळे पावसाळी लाटांचा मारा उंचवट्यांवरच थोपविला जाई. पावसाचे पाणी या वाळूत मुरे आणि खारट पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राही. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वाड्यावरच्या विहिरींना गोडे पाणी लागे, ते याच कारणाने. किनाऱ्यावरील लोकांना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. घरे उंचवट्यांच्या मागे, माडांच्या आडोशाला बांधावीत आणि वाळू मोकळी ठेवावी, हा त्यांचा परंपरागत नियमच होता.

बारदेश १५४३ साली पोर्तुगीज सत्तेखाली आला. त्या काळातील धर्मांतराच्या लाटेत येथील देवता अन्यत्र हलविण्यात आल्या. डिचोली तालुक्यातील नानोडा येथील श्री शांतादुर्गा कळंगुटकरीण ही देवता आपल्या नावातच मूळ गावाची आठवण सांभाळून आहे. कळंगुटात संत आलेक्स यांचे भव्य चर्च उभे राहिले. असे असले तरी वाड्यांची नावे टिकून राहिली. गौरावाडो, उमटावाडो, नायकावाडो, पोरबावाडो, कोब्रावाडो ही नावे आजही हॉटेलांच्या पत्त्यांत छापली जातात. गावाचा जुना नकाशा अशा प्रकारे नव्या व्यवहारातही जिवंत आहे.

रापण : किनाऱ्याची सहकारी संस्था

या किनाऱ्याचा मुख्य उद्योग म्हणजे रापण. रापण हे एक जाळे आहे, आणि ते ओढणाऱ्या माणसांच्या समूहालाही रापण असेच म्हणतात. जाळे पुष्कळदा किलोमीटरभर लांब असे. काथ्याने फळ्या शिवून तयार केलेल्या होडीतून काही माणसे समुद्रात जात. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या लोकांच्या हाती ठेवलेला असे. होडी अर्धवर्तुळाकार फेरा घेत जाळे सोडीत जाई आणि दूरवर पुन्हा किनाऱ्याला लागे. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा उभ्या राहत आणि पाऊल मागे टाकीत टाकीत जाळे वाळूवर ओढून घेत.

या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले असे की, रापणीला मासे शोधीत दूर समुद्रात जाता येत नाही. पावसाळा सरल्यावर बांगडे आणि तारले यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात, त्यांची वाट पाहावी लागते. पाण्याचा बदललेला रंग आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहून थवा ओळखणारा जाणता माणूस म्हणूनच मोलाचा असे. दुसरे असे की, हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्याला पुष्कळ हात लागतात. त्यामुळे मिळालेल्या मासळीचे वाटे होत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असे. सहकाराचा कायदा येण्यापूर्वीची ही सहकारी संस्थाच म्हणावी लागेल.

मासळी किनाऱ्यावर आली की पुढचे काम स्त्रियांकडे जाई. टोपल्या डोक्यावर घेऊन त्या गावोगाव फिरत आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जात. उरलेली मासळी मीठ लावून वाळूवर सुकविली जाई, कारण पावसाळ्यातील बेगमीमध्ये, म्हणजे गोव्यातील पुरुमेतात, सुक्या मासळीचे स्थान मोठे. तारले विपुल मिळाले की ते माडांच्या मुळाशी खत म्हणून घालीत. समुद्र, वाळू आणि माड यांचे असे एकमेकांवर अवलंबून असलेले अर्थकारण होते.

हे चित्र रंगवताना एक गोष्ट विसरता कामा नये. या अर्थकारणात सुबत्ता सर्वांच्या वाट्याला येत नव्हती. खारवी आणि इतर कष्टकरी कुटुंबांपैकी अनेकांची घरे भाटकाराच्या जमिनीत होती. ते मुंडकार म्हणून राहत आणि घराखालची जमीन त्यांची नसे. म्हणूनच बारदेशातील तरुण मोठ्या संख्येने मुंबईला जात, जहाजांवर तारवटी म्हणून नोकरी धरीत किंवा आफ्रिकेची वाट पकडीत. जुन्या काळी सारे काही सुखाचे होते, असा समज करून घेणे इतिहासाला धरून होणार नाही.

हवापालटाचे गाव

परदेशी प्रवासी येण्याच्या पुष्कळ आधीपासून कळंगुटला पाहुणे येत होते. ते गोमंतकीयच होते. मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, आतल्या भागातील सुखवस्तू कुटुंबे काही आठवडे समुद्रकाठी येऊन राहत. या हवापालटाला पोर्तुगीज शब्दावरून ‘मुदांस’ म्हणत. खाऱ्या पाण्याची स्नाने प्रकृतीला हितकर असतात, असा दृढ समज होता. सासष्टीतील लोकांना कोलवा जवळचा, तर उत्तरेकडच्यांना कळंगूट.

समुद्रस्नानाच्या या कल्पनेला युरोपात मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील ब्रायटन हेही मूळचे मासेमारीचे गाव. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्राचे पाणी औषधी असल्याचा पुरस्कार केला. मग श्रीमंत रुग्ण आले, त्यांच्यामागून राजपुत्र आला आणि १८४१ साली रेल्वे पोहोचल्यावर लंडनची सामान्य जनताही लोटली. प्रथम आरोग्य, मग प्रतिष्ठा आणि शेवटी वाहतुकीची सोय, असा हा क्रम आहे. कळंगुटचा प्रवासही बहुतांशी याच क्रमाने झाला. फरक एवढाच, की ब्रायटनला जे घडावयास शतक लागले, ते येथे दोन-तीन दशकांत घडून आले.

मुदांसाच्या पाहुण्यांमुळे गावाला थोडी मिळकत होई. परंतु हा व्यवहार गावाच्या घडीत बसणारा होता. मे महिन्यात रापणीचा मुख्य हंगाम संपलेला असे. पाहुणे गावातल्याच घरांत राहत, गावातल्याच विहिरीचे पाणी पीत आणि पावसाबरोबर परत जात. पाहुण्यांचा हंगाम आणि मासळीचा हंगाम एकमेकांच्या आड येत नव्हते.

मुक्तीनंतरची दोन दशके

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि देशाच्या इतर भागांशी त्याचा संपर्क मोकळा झाला. १९७० साली पणजी आणि बेती यांच्या दरम्यान मांडवीवर नेहरू पूल झाला. त्यापूर्वी फेरीबोटीसाठी ताटकळणारा प्रवासी आता थेट मोटारीने बारदेशात उतरू लागला. हा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा बारदेशाचे दळणवळण एका पुलावर किती अवलंबून झाले होते याचा प्रत्यय सर्वांना आला.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील हिप्पी तरुण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या खुष्कीच्या मार्गाने येऊ लागले. त्यांचा तळ प्रथम कळंगूट-बागा भागात आणि नंतर हणजुणे परिसरात पडला. त्यांच्या वागण्याविषयी गावात रोष होता आणि तो अकारण नव्हता. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. या पाहुण्यांना हॉटेल नको होते. त्यांनी मासेमाराच्या व सामान्य गावकऱ्याच्या घरातील खोली भाड्याने घेतली. घरातली एखादी खोली रोख पैसा देऊ शकते, हे किनाऱ्यावरील गरीब कुटुंबाला तेव्हा प्रथम कळले. १९७९ साली इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे तो मार्ग बंद झाला. परंतु खोली भाड्याने देण्याचा व्यवसाय राहिला.

याच सुमारास मोठे भांडवलही किनाऱ्यावर आले. १९७४ साली आग्वाद किल्ल्याच्या तटाजवळ ताज समूहाचे आलिशान हॉटेल सुरू झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी येथे आले आणि जगभरच्या वृत्तपत्रांत गोव्याचे नाव झळकले. १९८२ साली गोवा पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. १९८७ साली गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, आणि त्याच सुमारास युरोपातून थेट दाबोळीला उतरणाऱ्या चार्टर विमानांची ये-जा सुरू झाली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, तर मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली.

रापणकारांचा लढा

पर्यटन वाढत असतानाच समुद्रातही मोठा बदल घडत होता. मत्स्योत्पादन वाढावे म्हणून शासनाने यांत्रिक बोटींना उत्तेजन दिले. ट्रॉलर आले आणि पाठोपाठ पर्ससीनची जाळी आली. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडीत जाते, तर पर्ससीनचे जाळे बांगड्याच्या सबंध थव्याला समुद्रातच वेढा घालते. रापण किनाऱ्यावर थव्याची वाट पाहणारी आहे, हे वर सांगितलेच आहे. थवा वाटेतच उचलला गेला तर शंभर माणसांनी ओढलेले जाळे रिकामे येते. रापणकारांचे संकट हे असे अगदी साधे आणि उघड होते.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यास रापणकार संघटित झाले. ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ या संघटनेने मोर्चे, धरणी आणि उपोषणे यांच्या मार्गाने आपली मागणी मांडली. माथानी साल्ढाणा हे या लढ्याचे प्रमुख नेते होते. पुढे ते राज्याचे मंत्री झाले आणि मार्च २०१२ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. गोव्यातील या लढ्यातूनच १९७८ साली देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांच्या राष्ट्रीय संघटनेला चालना मिळाली. परिणामी सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली संमत झाला आणि किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरांपासून मुक्त ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले. पावसाळ्यात माशांच्या प्रजननकाळी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली.

कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. राखीव पट्ट्यात ट्रॉलर शिरतात, अशी तक्रार त्यानंतरही होत राहिली. शिवाय रापणीला समुद्राइतकीच वाळूही लागते. जाळे ओढावयास, होडी ठेवावयास, मासळी सुकवावयास मोकळी जागा पाहिजे. मुदांसाच्या काळी पाहुण्यांचा आणि मासळीचा हंगाम वेगवेगळा होता. नव्या पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे नेमका रापणीचा. एकाच वाळूवर एकाच वेळी दोन व्यवसाय आले. त्यांपैकी एकाकडे पैसा होता, दुसऱ्याकडे केवळ परंपरा होती.

खारव्याचा मुलगा हळूहळू जाळे सोडून शॅकमध्ये नोकरी धरू लागला. कोणी होडीला यंत्र बसवून पर्यटकांना डॉल्फिन दाखवावयास नेऊ लागला. यात त्याला दोष देता येणार नाही. रापणीत वाटा मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती. पर्यटनाने अनेक घरांना पक्के छप्पर दिले, मुलांना शिक्षण दिले, काहींची परदेशाची वाटही चुकविली. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने राहत्या घरातून हुसकावले जाण्यापासून मुंडकारांना संरक्षण मिळाले. किनाऱ्यावरच्या जमिनीच्या किमती आकाशाला भिडण्यापूर्वी हा कायदा झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

वाळूचे रक्षण आणि कायद्याची चौकट

किनाऱ्याच्या रक्षणाचा विचार शासनाने पर्यटनाच्या आरंभीच्या काळातच सुरू केला होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग बांधकामापासून दूर ठेवावा, असे कळविले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच सीआरझेडची, अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम करू नये, हा तिचा सर्वांत परिचित नियम. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी विशेष तरतुदी आल्या. मच्छीमार गावे अधिसूचित करून जाळी दुरुस्त करणे, होड्या बांधणे, मासळी सुकविणे अशा कामांना जागा राखावी आणि वाळूच्या उंचवट्यांचे सर्वेक्षण करून त्यांना धक्का लावू नये, असे तीत म्हटले आहे. त्यानंतर २०१९ साली आणखी एक अधिसूचना निघाली.

शॅक पावसाळ्यापूर्वी काढून घेतले पाहिजेत, हा नियमही याच विचारातून आला आहे. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतो आणि पुढे ती हळूहळू परत आणून टाकतो. या येण्याजाण्यात पक्के बांधकाम आडवे आले की वाळू परत बसत नाही. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतले आणि दशकाहून अधिक काळ तेथेच राहिले. त्या भागातील वाळूची झालेली धूप ग्रामस्थांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

पाणी आणि कचरा हे आणखी दोन प्रश्न. विहिरींतून मर्यादेबाहेर पाणी उपसले की गोड्या पाण्याचा तरंगता थर पातळ होतो आणि खारे पाणी वर येते. उंचवटे सपाट केले की पाणी मुरावयास जागा उरत नाही. कचऱ्याच्या बाबतीत २०१६ साली साळगाव येथे सुरू झालेला प्रक्रिया प्रकल्प ही महत्त्वाची सुधारणा होय. तरीही भार किती वाढला आहे हे एका आकड्यावरून कळेल. शासकीय आकडेवारीनुसार २०२४ साली राज्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. म्हणजे घरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला सुमारे सात पाहुणे. त्यांतील फार मोठा वाटा कळंगूट-बागा पट्ट्यावर उतरतो.

गावासमोरचा विचार

कळंगुटच्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, गावाच्या घडीत बसणारे पर्यटन गावाला पेलते. घडी मोडून वाढलेले पर्यटन ज्या वाळूसाठी पाहुणा येतो तीच वाळू खाऊन टाकते. दोन, पारंपरिक व्यवसायाला कायद्याने जागा राखून दिली तरी ती जागा प्रत्यक्षात मोजून, आखून आणि सांभाळून ठेवावी लागते. तीन, या कामी ग्रामसभेची जागरूकता शासकीय आदेशाइतकीच आवश्यक आहे. परवान्याचा अर्ज पंचायतीसमोर येतो तेव्हा जागेचा सर्वे क्रमांक, भरतीरेषेपासूनचे अंतर, पाण्याची सोय आणि सांडपाण्याची व्यवस्था या चार बाबी कोणताही ग्रामस्थ विचारू शकतो. त्यासाठी विशेष शिक्षणाची गरज नाही.

किनाऱ्यावर अन्यत्र, पेडणे व काणकोण तालुक्यांत आणि शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही, रापण अद्याप ओढली जाते आणि पर्यटनही वाढत आहे. तेथील ग्रामस्थांना कळंगुटच्या अनुभवाचा लाभ वेळेवर घेता येण्यासारखा आहे.

शिक्षकांसाठी

इतिहास व भूगोलाच्या तासाला पुढील उपक्रम इयत्ता सातवीपासून पुढे घेता येतील.

१. गावातील वाड्यांची नावे गोळा करून प्रत्येक नावामागचा व्यवसाय किंवा घराणे शोधावे.

२. गावातील वयोवृद्ध रापणकार आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांना भेटून होडी, जाळे, दोर, मासे आणि वाटे यांसंबंधीचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावेत.

३. समुद्रापासून वेगवेगळ्या अंतरांवरील पाच विहिरींचे पाणी कोणत्या महिन्यात खारट लागते, याची वर्षभर नोंद ठेवावी.

४. एखाद्या ठरावीक माडापासून भरतीरेषेपर्यंतचे अंतर जूनच्या आरंभी आणि डिसेंबरमध्ये दोरीने मोजून वर्षानुवर्षे वहीत लिहावे.

शेवटच्या दोन नोंदी शाळेने सलग काही वर्षे ठेवल्या तर त्या ग्रामसभेपुढे पुरावा म्हणून मांडता येतील. त्यांची एक प्रत पंचायतीच्या कार्यालयात ठेवण्याची व्यवस्था मुख्याध्यापकांनी करावी, आणि पंचायत सचिवांनी ती दप्तरी दाखल करून घ्यावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते.